डावी बाजू ज्याची त्याची

राज्य पंचाच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा त्याला माझा रागच कारण होता. पहिल्या खेपेला जोडीच्या पंचांनी सगळ्या शिट्ट्या स्वतःच मारल्या. मी फुगून बसले, म्हणजे पायाने उभी होते पण मनाने बसले. म्हटलं, करा तुमचं तुम्हीच. परीक्षकांनी कागदावर लिहिलं, उमेदवार सामन्यात सहभागी दिसल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला मी ठरवूनच उतरले की आता एकही शिट्टी सोडायची नाही. सोडली नाहीच. माझ्या भागातल्या मारल्या, जोडीदाराच्या भागातल्याही मारल्या. त्या वेळचा शेरा होता, सहकाऱ्यावर विश्वास नाही. तो कागद मी कपाटात साड्यांच्या खाली दडवून ठेवला. घरी कुणी विचारलं की सांगायचे, निकाल लागायचाय अजून.

तिसरी खेप साताऱ्याला होती आणि ती शेवटची होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. मी इस्लामपूरला शाळेत खेळ शिकवते. पलूस, तासगाव, सांगली अशा गावांतून शाळा-कॉलेजांचे सामने पंच म्हणून कितीतरी वर्षं केलेत. राज्याच्या यादीत नाव लागलं नाही तर माझी शिट्टी त्याच मैदानांवर म्हातारी होणार होती. त्यात काही वाईट नाही, पण मला ते नको होतं.

बास्केटबॉलचा पंच म्हणजे चेंडूमागे पळणारा माणूस असं लोकांना वाटतं. खरं तर चेंडू बघत बसणं हे प्रेक्षकांचं काम. दोन पंच असतात आणि दोघं मैदान वाटून घेतात. खेळ ज्या बास्केटकडे निघाला त्या बाजूला एकजण पुढे धावतो आणि बास्केटखालच्या रेषेवर जाऊन उभा राहतो, तो लीड. दुसरा मागून येतो आणि बाजूने खेळ बघतो, तो ट्रेल. चेंडू ट्रेलच्या भागात असेल तर लीडने चेंडूकडे बघायचंच नाही. बास्केटखाली पोरी एकमेकींना कोपरं लावत असतात, कंबरेला धरत असतात, तिथे बघायचं. खेळ उलटला की लीडचा ट्रेल होतो आणि ट्रेलचा लीड. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांनी ओळी वाटून घेतलेल्या असतात, तसंच हे आहे. दुसऱ्याच्या ओळीत डोकावणाऱ्याची स्वतःची ओळ उपाशी राहते.

आणि रेषांची वाटणी तर अगदी सोपी. दोघं मैदानाच्या कोनाकोनात उभे असतात. लीड असा वा ट्रेल असा, मैदानाकडे तोंड करून उभं राहिलं की आपल्या डाव्या हाताची बाजूची रेषा आपली. चेंडू तिथून बाहेर गेला तर शिट्टी आपण मारायची आणि कुणाकडून गेला तेही आपणच सांगायचं. उजवीकडची जोडीदाराची. माझे पाय हे इतके शिकलेत की बाजारात गेले तरी मी भाजीवाल्यांच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते.

परीक्षेचा सामना दुपारी होता, सातारा आणि सांगलीच्या मुलींचा. मैत्रीचा सामना, म्हणून पंचही एकेका जिल्ह्याचा. माझ्या जोडीला जे सर ठरले होते त्यांचा सकाळी निरोप आला की तापाने अंथरूण धरलंय. मी तेव्हा एसटीत कराडच्या पुढे पोचले होते. दुसरा पंच मिळाला नाही तर परीक्षाच होणार नव्हती आणि पुढची परीक्षा माझ्या वयाच्या पलीकडे होती. मग पंचांच्या ग्रुपवर आणखी एक निरोप पडला: सुभेदार येतायत.

सुभेदार म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले साताऱ्याचे पंच. साठीच्या आसपासचे, ताठ, मिशीला कातर लावलेली. नाव सगळे विसरलेत, सुभेदारच म्हणतात. त्या वर्षी मी त्यांच्याबरोबर दोन सामने केले होते. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या भागात घुसून शिट्ट्या मारल्या होत्या आणि दोन्ही वेळा मी घरी येऊन भांडी आपटली होती. तेव्हा निरोप वाचून आनंद व्हावा की रडावं हे मला कळेना. परीक्षा होणार हे खरं, पण पहिल्या खेपेसारखीच होणार असं दिसत होतं.

शाळेचं सिमेंटचं मैदान, एका अंगाला पायऱ्या आणि त्यांवर दोन्हीकडच्या मुलींच्या मैत्रिणी. परीक्षक टेबलामागे खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर कागदांचं पॅड. सामन्याआधी जोडीने उभं राहून वाटणी करून घ्यायची पद्धत असते. कोण कुठे बघणार, शेवटच्या सेकंदाला कोण घड्याळ बघणार, दोघांची शिट्टी एकदम वाजली तर कोण बोलणार. मी वही काढली. सुभेदार म्हणाले, पुस्तकात आहे तसंच करू, आणि बुटाची लेस बांधायला वाकले. झाली चर्चा.

चार डावांपैकी पहिल्या दहा मिनिटांच्या डावात त्यांनी माझ्या नाकासमोर तीन शिट्ट्या मारल्या. मी बास्केटखाली उभी, धक्का माझ्यापासून दोन हातांवर, मी शिट्टी तोंडात धरून हवा भरतेय, आणि पलीकडून टुर्रर्र. निर्णय बरोबर होता, हे आणखी संतापाचं. परीक्षकांची मान खाली जायची, पेन चालायचं. मी चेहरा दगडासारखा ठेवला, पण माझे कान लाल होतात आणि ते झाकता येत नाहीत.

दुसऱ्या डावात मला काहीतरी खटकलं. चेंडू सुभेदारांच्या डाव्या रेषेवरून बाहेर गेला, त्यांच्यापासून चार पावलांवर. शिट्टी नाही. मुली थांबल्या. मग त्यांनी शिट्टी मारली आणि साताऱ्याचा चेंडू म्हणून हात केला. निर्णय बरोबर होता. पण हात करण्याआधी ते रेषेकडे बघत नव्हते. सांगलीच्या एका मुलीच्या तोंडाकडे बघत होते. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, आणि या खेपेला निर्णय चुकला. चेंडू साताऱ्याच्या मुलीच्या बोटांना लागून गेलेला मी मैदानाच्या या टोकावरून पाहिला होता. सांगलीच्या प्रशिक्षक बाई उठून उभ्या राहिल्या. मी गप्प राहिले. ती रेषा माझी नव्हती आणि मला दुसऱ्यांदा तोच शेरा नको होता.

मध्यंतर झालं तशी मी त्यांना नळाच्या मागे गाठलं. तिथे ऐकायला कुणी नव्हतं. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. बाई पंच आहे म्हणून तिच्या भागात घुसता का, इथपासून सुरुवात केली आणि फौजेत तरी दुसऱ्याच्या मोर्च्यात जाऊन गोळ्या मारता का, इथवर आले. इस्लामपूरच्या शाळेतली माझी शुद्ध भाषा कधीच सुटली होती. ते ऐकत होते. माझा दम संपल्यावर त्यांनी नळ बंद केला आणि हळू आवाजात म्हणाले,

“मॅडम, डाव्या डोळ्यानं मला दिसत न्हाई. मोतीबिंदू हाय. धुकं पडल्यावानी दिसतंय नुसतं.”

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, माझी परीक्षा गेली.

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. मान वळवली की दिसतं, पण मान वळेपर्यंत खेळ पुढे गेलेला असतो. डाव्या रेषेचा निर्णय मग ते मुलींच्या चेहऱ्यांवरून द्यायचे, कारण जिच्याकडून चेंडू बाहेर जातो तिचं तोंड पडतं, मग ती कितीही हात वर करो. दहातले आठ बरोबर यायचे. आणि डावीकडे शिट्टी वाजत नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून उजवीकडे जास्त वाजवायचे. माझ्या भागात. शस्त्रक्रिया का नाही केली विचारलं, तर म्हणाले, डोळ्याचं कळलं की शिट्टी काढून घेतील आणि मग परत कुणी बोलावणार नाही. आज यायचंच नव्हतं. पण सकाळी निरोप वाचला, दुसरं कुणी मिळत नव्हतं, मॅडमची शेवटची खेप आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणून स्कूटर काढली.

मी नळावर तोंड धुतलं. सामना तिथेच थांबवायला हवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. थांबवला नाही. त्यात माझा स्वार्थ होता हे कबूल करते. पण पुढची वीस मिनिटं त्या मुलींवर अन्याय होऊ द्यायचा नाही एवढं मी ठरवलं. खाली बसून ओल्या मातीत बोटाने चौकोन काढला.

गंमत अशी की माणूस मैदानाकडे अंग वळवून उभा असतो. खेळ समोर राहतो, तो एका डोळ्यानेही दिसतो. डोळ्याच्या कडेला राहते ती फक्त आपली रेषा, आणि पुस्तकाप्रमाणे ती कायम डावीकडे. रेषेकडे अंग वळवावं तर खेळाकडे पाठ होते. म्हणजे सुभेदारांना जे दिसत नव्हतं तेच नेमकं पुस्तकाने त्यांच्या पदरात बांधलं होतं. मी म्हटलं, दोघांनी बाजू उलटी घ्यायची. ट्रेल डाव्या अंगाला उभा राहतो तो उजव्या अंगाला राहील, लीडही उलटा. आरशात दिसतो तसा सामना. मग ज्याची त्याची रेषा उजवीकडे.

त्यांनी मातीतला चौकोन बघितला आणि मान हलवली. म्हणाले, “परीक्षा तुमची हाय. तुमी पुस्तकावानीच उभं ऱ्हावा. ह्ये बघून ते तुमाला नापास करत्यात.”

ते खरंच होतं. पंच उभा राहतो त्या जागेला वेगळे गुण असतात. मी म्हटलं, “केलं तर केलं. पण माझ्या भागात परत शिट्टी मारायची नाही, कबूल?” ते म्हणाले, “कबूल.” मी म्हटलं, “मग उलटंच उभं राहू.”

तिसरा डाव सुरू झाला आणि पहिल्याच चढाईत माझं हसं झालं. सुभेदार ठरल्याप्रमाणे उजव्या अंगाला गेले. मीही पुढे धावले आणि सवयीने त्याच अंगाला जाऊन पोचले. दोघं पंच एकाच रेषेवर मागेपुढे, आणि पलीकडची सगळी बाजू मोकळी. पायऱ्यांवरून मुली खिदळल्या. परीक्षकांनी चष्मा वर केला. मी धावत पलीकडे गेले. वर्षानुवर्षांचे पाय मला डावीकडे ओढत होते आणि मी त्यांना उजवीकडे हाकत होते. दोन-तीन चढायांत जमलं.

आणि मग जे झालं ते मी याआधी कुठल्याच सामन्यात अनुभवलं नव्हतं. सुभेदारांनी माझ्या भागात एकही शिट्टी मारली नाही. बास्केटखालचे धक्के, पकडी, सगळं माझं. मी मारल्या त्या शिट्ट्या माझ्या आणि सोडल्या त्याही माझ्या. त्यांच्या रेषेवर चेंडू बाहेर गेला की क्षणात शिट्टी, क्षणात हात, आणि नजर रेषेवर. एकदा दोन मुलींच्या चार हातांतून चेंडू बाहेर गेला, तो कुणाकडून गेला हे मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी सांगितलं. जिचा शेवटचा हात लागला ती मुलगी मुकाट मागे फिरली. सुभेदारांनी मैदानापलीकडून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या मिशीखाली हसू होतं. मला त्या वीस मिनिटांत परीक्षेची आठवण नव्हती असं मी म्हणणार नाही, पण बराच वेळ नव्हती.

सांगलीच्या मुली जिंकल्या. मुली हस्तांदोलन करत होत्या तेवढ्यात परीक्षकांनी आम्हा दोघांना टेबलाकडे बोलावलं. जाता जाता मी एक सबब तयार केली होती, की मावळतीचं ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून बाजू बदलल्या. टेबलापाशी पोचले आणि बघते तर ऊन केव्हाच शाळेच्या इमारतीमागे गेलेलं. अख्खं मैदान सावलीत होतं.

परीक्षकांनी विचारलं, की अशी उलटी वाटणी कुठल्या पुस्तकात दिली आहे. सुभेदार एक पाऊल पुढे झाले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले,

“साहेब, माझा डावा डोळा गेलाय. मॅडमनी मला सांभाळून घेतलं. चूक माझी हाय, त्यांचं गुण कापू नका.”

परीक्षक उठले, सुभेदारांच्या डाव्या अंगाला गेले आणि हात वर करून विचारलं, बोटं किती. सुभेदार समोर बघत म्हणाले की मान वळवायची परवानगी असेल तर सांगतो. तेव्हा परीक्षक हसले. पण लगेच गंभीर झाले आणि दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. अशा डोळ्याने मैदानात उतरलात कसे, आणि तुम्हाला कळल्यावर तुम्ही मला येऊन का सांगितलं नाही. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. मी मान खाली घालून ऐकला, आणि माझ्यासारखीने एवढं ऐकून घेतलं याचंच मला नवल वाटलं.

मग त्यांनी पॅड माझ्याकडे फिरवलं. जागेच्या रकान्यात गुण कापले होते, भरपूर कापले होते. सहकाऱ्याशी समन्वय या रकान्यात पैकीच्या पैकी होते. खाली बेरीज, आणि बेरजेच्या पुढे उत्तीर्ण. काठावर, पण उत्तीर्ण. मी तो शब्द दोनदा वाचला. मी विचारल्याशिवाय त्यांच्या खुर्चीवर बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कळलं.

सुभेदारांना त्यांनी सांगितलं की डोळा करून घेईपर्यंत शिट्टी नाही, आणि डोळा झाला की कागद घेऊन या, पहिला सामना मी देतो. सुभेदारांनी गळ्यातली दोरी काढली आणि शिट्टी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. तर ते पायरीवर जाऊन बसले, पाय लांब केले आणि मोठा श्वास सोडला.

“सा म्हैनं झालं, मॅडम,” ते म्हणाले. “परत्येक सामन्याला वाटायचं, आज कुणीतरी इचारंल. कुणी इचारलंच न्हाई. आता लय हलकं वाटतंय बगा.”

त्या सहा महिन्यांत मीच त्यांच्याबरोबर दोन सामने केले होते. माझ्या भागात किती शिट्ट्या वाजल्या ते मी मोजलं होतं, त्यांच्या भागात का वाजत नाहीत हे बघितलंच नव्हतं. आपापलं बघा, दुसऱ्याकडे बघू नका, हे आम्ही इतकं घोकलं होतं की एक माणूस आमच्या मधोमध उभा राहून आंधळा होत गेला आणि कुणाला कळलं नाही.

ते निघाले तेव्हा मी स्कूटरची किल्ली मागितली. त्यांनी जरा मिशी ताणली, पण दिली. मी चालवत होते आणि ते मागे बसून गल्ल्या सांगत होते. घर जवळच होतं.

त्यांची बायको ओसरीवर सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसली होती. एक परकी बाई आपल्या नवऱ्याला मागे बसवून आणतेय हे बघून ती उठून उभीच राहिली. मीच सांगितलं. डावा डोळा, मोतीबिंदू, सहा महिने, शस्त्रक्रिया झाली की ठीक होईल. तिने सगळं ऐकलं आणि खाली बसली. मला वाटलं, आता रडेल किंवा भांडेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

“सा म्हैनं जेवताना मी ह्यांच्या डाव्या हाताला बसतीया. मान वळवून एकदाबी बगितलं न्हाई. मला वाटलं, माझ्यावर रुसल्यात.”

सुभेदार ओसरीच्या कडेला टेकले होते. ते नुसते बूट काढत राहिले. ती शेंगांचं सूप घेऊन उठली आणि त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन बसली.